ढोल, बिगुल आणि हलगी

१९३८ च्या सप्टेंबरात मुंबईत ‘द ड्रम’ नावाचा इंग्रजी चित्रपट लागला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या विरोधात लोक रस्त्यावर उतरले. आत पडद्यावर वायव्य सरहद्दीचे डोंगर टेक्निकलरच्या झगझगीत रंगांत दिसत होते, बाहेर निदर्शने चालली होती आणि पोलिसांचा बंदोबस्त होता. मद्रासलाही असाच विरोध झाला आणि अखेर चित्रपट मागे घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी ‘गंगादीन’ या हॉलिवूडच्या चित्रपटावर मुंबई आणि बंगाल या दोन्ही प्रांतांत बंदी आली. पडद्यावरच्या वांशिक अपमानाविरुद्ध हिंदुस्थानात झालेल्या पहिल्या मोठ्या लढ्यांपैकी हा एक, आणि तो आपल्या शहरात लढला गेला. तरीही चित्रपटाच्या इतिहासात त्याला एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही. त्याकडे नीट पाहायला हवे, कारण त्या लढ्यातले यश आणि त्यातली उणीव या दोन्ही गोष्टी पुढच्या पाऊणशे वर्षांच्या हिंदी-मराठी चित्रपटात दिसत राहतात. मुंबईने पडद्यावरचा अपमान ओळखला. तो अपमान ज्या रीतीने घडवला जातो ती रीत मात्र तिच्या नजरेतून सुटली, आणि मग तीच रीत आपल्या चित्रपटांनी आपल्याच माणसांवर वापरली.

आधी या संतापाची मुळे पाहू. १९१८ साली सरकारने सिनेमॅटोग्राफ कायदा केला आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर मंडळे बसली. या मंडळांना राज्य सांभाळायचे होते. १९२१ साली मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीने ‘भक्त विदुर’ काढला, त्यातला विदुर खादी आणि टोपीमुळे गांधीजींसारखा दिसतो म्हणून सिंध आणि मद्रासमध्ये त्यावर बंदी आली. महाभारतातल्या पात्राच्या डोक्यावरची टोपी सरकारला खुपली. १९२७ मध्ये टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्यामागच्या काळज्यांपैकी एक अशी होती की, अमेरिकन चित्रपटांतली गोरी माणसे दारू पिताना, मारामाऱ्या करताना आणि प्रेमाचे चाळे करताना पाहून नेटिवांच्या मनातला गोऱ्यांचा दरारा कमी होईल. म्हणजे पडद्यावरच्या प्रतिमेचा राज्यकारभारावर परिणाम होतो हे सरकारला पक्के ठाऊक होते. गोऱ्या प्रतिमेची इतकी निगा राखणाऱ्या या यंत्रणेला काळ्या-सावळ्या प्रतिमेची फिकीर नव्हती. ‘लाइव्हज ऑफ अ बेंगॉल लान्सर’ १९३५ साली आला. त्यात गॅरी कूपर आणि त्याचे सोबती कॅलिफोर्नियातल्या डोंगरांत उभारलेल्या सरहद्दीवर मूठभर गोऱ्यांच्या बळावर हिंदुस्थान सांभाळताना दिसतात. चित्रपट जगभर गाजला, ऑस्करच्या यादीत गेला, आणि त्याच्या मागोमाग साम्राज्याच्या शौर्यकथांची रांग लागली.

पण १९३७ मध्ये परिस्थिती पालटली. प्रांतिक निवडणुका होऊन मुंबईत बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले, गृहखाते कन्हैयालाल मुनशी यांच्याकडे गेले. ज्या सरकारी यंत्रणेने विदुराची टोपी अडवली होती तिच्यावर आता लोकांनी निवडून दिलेल्या माणसांचा हात होता. सरहद्दीवरचे चित्रही चित्रपटात दाखवतात त्याहून फार वेगळे होते. खान अब्दुल गफ्फार खान यांचे खुदाई खिदमतगार तिथे निःशस्त्र सत्याग्रह करत होते. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात त्यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा चंद्रसिंह गढवाली यांच्या तुकडीतल्या शिपायांनी नि:शस्त्र जमावावर गोळी झाडायला नकार दिला होता. सप्टेंबर १९३७ पासून त्या प्रांतात डॉ. खान साहेबांचे काँग्रेस मंत्रिमंडळ कारभार पाहत होते. वझिरिस्तानात इपीच्या फकिराचा सशस्त्र उठावही चालू होता हे खरे. पण सरहद्दीच्या पठाणाची दोन रूपे डोळ्यांसमोर असताना अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्याने आणि झोल्टन कोर्डा या त्याच्या दिग्दर्शक भावाने नेमके एक उचलले, आणि तेही कपटाच्या रंगात बुडवून. मुंबईत वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला ही निवड लगेच कळण्यासारखी होती.

‘द ड्रम’ची गोष्ट थोडक्यात अशी. टोकोट नावाच्या काल्पनिक संस्थानात राजकुमार घुल आपल्या भावाचा खून करून गादी बळकावतो, ब्रिटिश अधिकाऱ्यांना मेजवानीला बोलावून कापून काढण्याचा कट रचतो, आणि मारल्या गेलेल्या राजाचा कोवळा मुलगा अझीम ढोलावर इशारा देऊन आपल्या ब्रिटिश मित्रांचे प्राण वाचवतो. घुलची भूमिका रेमंड मॅसी या कॅनेडियन नटाने चेहरा रंगवून केली. अझीम झाला होता म्हैसूरजवळच्या एका माहुताचा मुलगा साबू, वय सुमारे चौदा. आदल्या वर्षीच्या ‘एलिफंट बॉय’मुळे तो जगप्रसिद्ध झाला होता. दक्षिणेतला मुलगा सरहद्दीचा राजपुत्र म्हणून उभा राहिला तरी लंडनच्या निर्मात्याला खटकले नाही, कारण त्याच्या हिशेबी हिंदुस्थानी चेहरा हा सगळा एकच. काही भाग चित्रालमध्ये टिपला आणि काही वेल्समध्ये, त्यामुळे डोंगर खरे वाटत होते आणि खऱ्या डोंगरांपुढे बनावट माणसेही खरी वाटू लागली. इतिहासकार प्रेम चौधरी यांनी साम्राज्याच्या चित्रपटांवरच्या आपल्या अभ्यासात ‘द ड्रम’चा कणा म्हणून मुस्लिमांच्या धोक्याच्या मिथकाकडे बोट दाखवले आहे. मुंबईच्या मुस्लिम मोहल्ल्यांना हा चित्रपट का झोंबला असेल ते यावरून कळते. चांगला नेटिव आणि वाईट नेटिव अशी वाटणी चित्रपटात सरळ आहे, जो ब्रिटिशांच्या बाजूने ढोल वाजवतो तो चांगला.

मुंबईतल्या विरोधाला शब्द देणाऱ्यांत बाबूराव पटेल आघाडीवर होते. पालघरजवळच्या मासवणला जन्मलेल्या या माणसाने १९३५ मध्ये ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केले आणि चित्रपटसृष्टीत असा दरारा बसवला की त्यांच्या परीक्षणाची निर्माते धास्ती घेत. त्यांची लेखणी अनेकदा तोल सोडायची, व्यक्तिगत वैर त्यांनी भरपूर केले, आणि ते सगळे वाचताना आज त्रासही होतो. पण हिंदुस्थानची बदनामी करणाऱ्या परदेशी चित्रपटांविरुद्ध त्यांनी चालवलेली मोहीम सातत्याची होती. त्यांच्या जोडीला ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये चित्रपटांवर लिहिणारे ख्वाजा अहमद अब्बास होते. १९३९ च्या आरंभी ‘गंगादीन’ अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि त्यातल्या हिंदुस्थानविरोधी चित्रणावर अब्बास यांनी ‘फिल्मइंडिया’त कडाडून हल्ला चढवला. त्यांच्या लेखनाने इथल्या वाचकांना चित्रपट येण्याआधीच सावध केले.

‘गंगादीन’ हा त्या परंपरेतला सर्वांत कसबी चित्रपट, आणि म्हणूनच सर्वांत घातक. किपलिंगच्या कवितेतला पाणक्या भिश्ती हे त्याचे बीज. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स, नायक कॅरी ग्रँट, व्हिक्टर मॅकलॅग्लन आणि डग्लस फेअरबँक्स ज्युनियर, तिघेही सार्जंट. कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनच्या खडकांत हिंदुस्थान उभारला गेला. ठगांचा पंथ पुन्हा डोके वर काढतो, कालीच्या देवळात गुरू आपल्या शिष्यांना खुनाची दीक्षा देतो, तिन्ही सार्जंट त्याच्या तावडीत सापडतात आणि बाहेरून ब्रिटिश पलटण नकळत सापळ्याकडे चालत येते. जखमी गंगादीन देवळाच्या सोनेरी घुमटावर चढून बिगुल वाजवतो, पलटण सावध होते आणि तो गोळी लागून मरतो. कर्नल त्याच्या देहाशेजारी किपलिंगची कविता वाचतो. शेवटी गंगादीनचा आत्मा ब्रिटिश शिपायाच्या गणवेशात सलाम करताना दिसतो. ही भूमिका सॅम जाफे या अमेरिकन नटाने अंगाला रंग फासून केली होती.

या चित्रपटातला एक प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. एदुआर्दो चानेली या इटालियन वंशाच्या नटाने साकारलेला उघड्या अंगाचा, मुंडन केलेला गुरू सार्जंटांना सांगतो की तुम्ही सैनिक देशासाठी मरायची शपथ घेता, मीही माझ्या देशासाठी मरू शकतो. एवढे बोलून तो सापांच्या खड्ड्यात उडी घेतो, आपल्याला ओलीस धरून इंग्रजांनी डाव साधू नये म्हणून. हे संवाद कागदावर नुसते वाचले तर ते एखाद्या क्रांतिकारकाच्या तोंडी शोभतील. वाक्यांत एकही शब्द हिणकस नाही. मग प्रेक्षकाला त्या माणसाची घृणा का वाटते? कारण ते बोलण्याआधी त्याला खालून आलेल्या प्रकाशात, कालीच्या अक्राळविक्राळ मूर्तीसमोर, उन्मत्त जमावापुढे दाखवलेले असते. कॅमेरा आधीचा तासभर तीन सार्जंटांच्या मस्करीत, भांडणात आणि दोस्तीत रमलेला असतो. आपण त्यांची नावे, सवयी, कमजोऱ्या जाणतो, त्यामुळे त्यांचा जीव धोक्यात आला की आपला श्वास अडतो. गुरूच्या घरी कोण आहे, तो रात्री कशाने जागा राहतो, हे कॅमेऱ्याने कधी विचारलेले नाही. देशभक्तीचे शब्द त्याच्या तोंडी आहेत आणि प्रेक्षकाची सहानुभूती दुसऱ्याच्या पदरात आहे. शब्दांवर चित्राची अशी मात होते.

जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त यानेही हा चित्रपट पाहिला आणि त्याने स्वतःबद्दल जे नोंदवले ते या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी जाते. हिंदी लोकांचे हे चित्रण खोटे आहे, ब्रिटिशांच्या बाजूने असलेला नेटिव त्यात विनोदी आणि विरोधात असलेला नेटिव दुष्ट ठरवला आहे, हे त्याला पूर्ण कळत होते. तरीही तो हसला, हेलावला आणि टाळ्या वाजवायची इच्छा त्यालाही झाली. साम्राज्यशाहीच्या कट्टर विरोधकाची ही गत, तर इतरांचे काय? चित्रपटाचा परिणाम पटण्या-न पटण्याच्या आधी घडतो आणि तो घडवणारी साधने दृश्यांच्या मांडणीत असतात. त्या मांडणीचा पाया अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथने १९१५ च्या ‘बर्थ ऑफ अ नेशन’मध्ये घातला होता. वेढलेले गोरे कुटुंब आणि घोडे फेकत येणारे कु क्लक्स क्लॅनचे स्वार यांची दृश्ये आलटूनपालटून जोडत, तुकड्यांची लांबी कमी करत त्याने प्रेक्षकाला मारेकऱ्यांच्या यशासाठी अधीर केले. त्यातली खलनायकी कृष्णवर्णीय पात्रे चेहरे रंगवलेल्या गोऱ्या नटांनी केली होती. त्या चित्रपटाविरुद्ध अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने मोठी मोहीम उघडली, तरी त्याच वर्षी मरगळलेला क्लॅन पुन्हा उभा राहिला. शेवटच्या क्षणी होणाऱ्या सुटकेची ती जुळणी ‘द ड्रम’ आणि ‘गंगादीन’ या दोघांनी जशीच्या तशी घेतली. एकात इशारा ढोलाचा, दुसऱ्यात बिगुलाचा. दोन्हीकडे नेटिवाचा आवाज मोठा होतो तो फक्त गोऱ्या पलटणीला वाचवण्यासाठी.

या बंदीवर एक आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. ज्या सेन्सॉरशाहीने ‘भक्त विदुर’ दडपला तीच हाताशी धरून राष्ट्रवाद्यांनी दुसऱ्यांचे चित्रपट बंद पाडले, मग दोघांत फरक काय राहिला? आक्षेप हलका नाही. बंदीचे हत्यार एकदा हाती आले की ते कुणावरही चालते, आणि स्वतंत्र भारतात ते कितीदा चालले हे आपण पाहिले आहे. पण १९३८-३९ ची परिस्थिती दोन समान पक्षांची नव्हती. आपली बाजू मांडणारा चित्रपट लंडनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये दाखवण्याची कोणतीही वाट हिंदी माणसाला मोकळी नव्हती. तिथले वितरण परक्यांच्या हाती, तिथला सेन्सॉर परक्यांचा, आणि भांडवलाच्या बाबतीत मुंबईचे स्टुडिओ ‘गंगादीन’ काढणाऱ्या आरकेओच्या जवळपासही नव्हते. अशा वेळी तिकीटखिडकी अडवणे हाच उत्तर देण्याचा एक मार्ग उरला होता. आणि त्या उत्तराचा परिणाम झाला. १८५७ च्या लखनौच्या वेढ्यावर चित्रपट काढायचा बेत ब्रिटनमध्ये शिजत होता, तो हिंदुस्थानातली खळबळ लक्षात घेऊन सोडून देण्यात आला. हिंदी प्रेक्षकाला दुखावण्याची किंमत मोजावी लागते हे लंडनला पहिल्यांदा कळले. महायुद्ध सुरू झाल्यावर हिंदुस्थानची फौज हवी होती, तेव्हा तर हे भान आणखी वाढले.

मात्र या मोहिमेची भाषा वाचली की तिची मर्यादाही दिसते. तक्रार होती ती देशाची बदनामी झाल्याची. वाईट चित्रण काढा, चांगले दाखवा, अशी ती मागणी होती. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉपने १९२८ मध्येच परीकथांचा अभ्यास करून दाखवले होते की नायक, खलनायक, साहाय्यक अशा थोड्या ठरावीक जागा असतात आणि पात्रे त्यांत बसवली जातात. फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेतने १९७२ मध्ये गोष्ट कोण सांगतो आणि कुणाच्या नजरेतून दिसते हे दोन वेगळे प्रश्न असल्याचे मांडले. पुढे रॉबर्ट स्टॅम आणि लुईज स्पेन्स यांनी १९८३ मधल्या एका लेखात चित्रपटाबाबत हाच मुद्दा लावून धरला. पात्र चांगले की वाईट एवढेच तपासत बसलो तर कॅमेरा कुठे उभा आहे हा खरा प्रश्न निसटतो. या कसोटीवर गंगादीन स्वतः ‘चांगले चित्रण’ आहे. तो शूर आहे, निष्ठावान आहे, चित्रपटाचे नाव त्याच्यावर आहे. त्याची जागा मात्र साहाय्यकाची आहे, आणि त्याला माणूस म्हणून मान मिळायला आधी मरावे लागते. चांगुलपणाच्या मागणीने ही जागा बदलत नाही.

आणि ती बदलली नाही याचा पुरावा मुंबईतच, मालाडला तयार झाला होता. बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ १९३६ सालचा. अस्पृश्यतेवर बोलणारा हा चित्रपट त्या काळात धाडसाचा होता, त्याने अनेकांना विचार करायला लावला, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. मोटारीतून आलेले एक जोडपे रेल्वे फाटकापाशी थांबते आणि त्यांना कस्तुरीची कहाणी सांगितली जाते, अशी त्याची चौकट. म्हणजे अस्पृश्य मुलीची गोष्ट मोटारवाल्यांच्या कानांसाठी आहे आणि ती ऐकवली जाते तेव्हा ती मेलेली आहे. दोन पुरुषांची मारामारी थांबवायला धावत गेलेली कस्तुरी आगगाडीखाली येते. तिच्या मरणाने गावाला शहाणपण येते. देविका राणीचा उजळ चेहरा, कोरलेल्या भुवया आणि मुलायम प्रकाश यांनी कस्तुरीला सहानुभूतीस पात्र बनवले. तीन वर्षांनी मुंबई ज्या गंगादीनवर चिडली, त्याची आणि कस्तुरीची कथेतली जागा एकच आहे. निष्ठावान खालच्याने वरच्यांसाठी मरावे आणि वरच्यांनी डोळे पुसावेत.

इथे कुणी म्हणेल की जात म्हणजे वंश नव्हे, मग अमेरिकेतल्या वर्णभेदाची मोजपट्टी इथे कशाला? आक्षेपाचा पहिला भाग बरोबर आहे, आणि तो सर्वांत ठामपणे मांडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ‘अछूत कन्या’च्याच वर्षी, १९३६ मध्ये, लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि तिथे न होऊ दिलेल्या भाषणात त्यांनी वंशाचा सिद्धान्त खोडून काढला. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत, जात रक्ताने पडलेली नाही, असे त्यांचे म्हणणे. पण नेमकी हीच गोष्ट चित्रपटाची अडचण ठरली. जात चेहऱ्यावर दिसत नाही आणि कॅमेऱ्याला तर सगळे दिसावे लागते. मग चित्रपटाने परक्यांकडून आलेली युक्ती वापरली, रंगाची. बिमल रॉय यांच्या १९५९ च्या ‘सुजाता’मध्ये नूतनला सावळे केले आणि तिच्या उच्चवर्णीय मानलेल्या बहिणीच्या भूमिकेत शशिकला गोरीच राहिली. बिमल रॉय यांचा हेतू निखळ होता, नूतनचा अभिनय आजही काळीज हलवतो. तरीही प्रेक्षकाच्या मनात समीकरण पक्के झाले की अस्पृश्य म्हणजे काळा. जी गोष्ट आंबेडकरांनी तर्काने मोडून काढली होती ती मेकअपच्या डबीतून परत आली. आणि सुजाताला आई स्वीकारते कधी? सुजाताने रक्त देऊन तिचा जीव वाचवल्यावर. पुन्हा तोच बिगुल.

यानंतरच्या ठोकळेबाज पात्रांची यादी देण्याची गरज नाही, ती वाचकाला पाठ आहे. ‘पडोसन’मधला मेहमूदचा मद्रासी मास्तर, जंगलात नाचणाऱ्या पिसे खोचलेल्या टोळ्या, दारू पिणारा गोवेकर, हिंदी चित्रपटातला मराठी हवालदार आणि नऊवारीतली मोलकरीण. आजच्या नवी मुंबईतल्या दिवाळे, सारसोळे, करावे या गावांतल्या कोळ्यांना आणि आगऱ्यांना पडद्याने टोपली, दर्या आणि कमरेचा ठेका एवढ्यावर बोळवले. मराठी माणसाला हवालदाराच्या भूमिकेचा राग येतो आणि तो रास्त आहे. पण मराठी चित्रपटानेही आपल्याकडच्या दुबळ्यांशी तेच केले.

बदलाची पहिली ठळक खूण पनवेलच्या परिसरात सापडते. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये केलेला ‘जैत रे जैत’ कर्नाळ्याच्या मुलखातल्या ठाकरांचा आहे. नाग्या हा ठाकर ढोल वाजवणारा. राणीमाशीने डोळा फोडला म्हणून तो लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी उतरवण्याची प्रतिज्ञा करतो. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याच्या बाजूने उभी राहते. या चित्रपटात शहरातून कुणी शहाणा माणूस येत नाही, कुणी मास्तर, समाजसेवक किंवा साहेब ठाकरांना वाचवत नाही. नाग्याचे वैर डोंगराशी आणि माशीशी आहे, त्याचा पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाशी काही संबंध नाही. ढोल वाजतो तो ठाकरांसाठी. कवी महानोरांच्या शब्दांनी आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींनी कथा पुढे सरकते, त्यामुळे सांगणारा आणि ज्याची गोष्ट आहे तो यांच्यातले अंतर कमी होते. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. उणीवही नोंदवायला हवी. नाग्या मोहन आगाशे, चिंधी स्मिता पाटील. दोघांचे काम अजोड आहे, पण ठाकर ठाकराच्या भूमिकेत मध्यभागी आला नाही. निसर्गाच्या कुशीतला निष्पाप आदिवासी ही शहरी कल्पनाही अधूनमधून डोकावते, आणि सावकार, जंगलखाते, जमीन यांचा जाच कथेबाहेर राहतो.

तीन वर्षांनी गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ आला, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला. त्यात जाच आहे, संपूर्ण व्यवस्था आहे. लहान्या भिकू या आदिवासीवर बायकोच्या खुनाचा खोटा आळ आला आहे आणि तो बोलत नाही. ओम पुरी यांनी जवळजवळ एकही शब्द न उच्चारता ती भूमिका उभी केली. आपण मात्र सगळे शोधतो ते भास्कर कुलकर्णी या तरुण वकिलाच्या पावलांनी. बलात्कार, सूड, भीती हे सर्व वकिलाला कळते तसे आपल्याला कळते. यावर उत्तर दिले जाते की लहान्याचे मौन हाच चित्रपटाचा आरोप आहे, त्याला बोलते केले असते तर तो खोटा ठरला असता. हे उत्तर मला वजनदार वाटते. मध्यमवर्गीय वकिलाची हतबलता उघडी पाडणे हे निहलानींचे ध्येय होते आणि ते साधले आहे. तरीही एका माणसाच्या मौनाचा अर्थ सांगायला कायम दुसरा माणूस लागतो, ही सवय या चित्रपटानेही मोडली नाही.

ती मोडली नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने, २०१३ साली. कैकाडी समाजातला जब्या हा मुलगा, शाळेतल्या वरच्या जातीच्या मुलीवर जीव जडलेला. त्याच्या घरच्यांना गावाची डुकरे पकडायला लागतात. सोमनाथ अवघडे हा ग्रामीण भागातला मुलगा त्या भूमिकेत आहे. चेहऱ्याला रंग फासायची गरज नाही, उलट जब्याच आपला काळा रंग उजळावा म्हणून पावडर थापतो. चित्रपटांनी पिढ्यान्पिढ्या शिकवलेले समीकरण त्या मुलाच्या हातांपर्यंत कसे पोचले आहे हे त्या एका कृतीतून कळते. जब्याला हलगी वाजवायची आहे, स्वतःच्या आनंदासाठी. गावाच्या जत्रेत त्याच्या डोक्यावर दिव्याची बत्ती चढवली जाते, इतरांना नाचताना उजेड हवा म्हणून. डुक्कर पकडण्याच्या लांबलचक प्रसंगात गाव हसत उभे असते, आणि कॅमेरा जब्याच्या बाजूने ते हसू पाहत राहतो. हसणाऱ्यांचे चेहरे आपल्याला दिसतात आणि आपण आतापर्यंत कुठे उभे होतो हे समजते. ग्रिफिथने वेढलेल्यांच्या घरात कॅमेरा ठेवून गोऱ्यांसाठी जे साधले तेच इथे उलटे झाले आहे. वेढणारे सभ्य गाव आहे आणि वेढला गेला आहे एक पोरगा. शेवटी तो दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या रोखाने. कस्तुरीसारखे त्याला मरावे लागत नाही, सुजातासारखे रक्त द्यावे लागत नाही.

‘फँड्री’ने प्रश्न मिटवला असे मुळीच नाही. मंजुळे यांच्याच ‘सैराट’च्या विक्रमी यशानंतर त्याच्या हिंदी अवतारात, २०१८ च्या ‘धडक’मध्ये, जातीचा उल्लेख जवळपास पुसला गेला. आजही मोठ्या निर्मितीसंस्थांत दलित, आदिवासी, भटक्या समाजांतले दिग्दर्शक हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. बंदीची मागणी करणे सोपे आहे आणि ती दर महिन्याला कुणी ना कुणी करते. १९३८ च्या मुंबईपाशी दुसरा मार्ग नव्हता, आपल्यापाशी आहे. पनवेल, वाशी, नेरूळच्या महाविद्यालयांत माध्यमांचे अभ्यासक्रम चालतात. तिथल्या अध्यापकांना विनंती आहे की त्यांनी ‘गंगादीन’मधला गुरूचा प्रसंग, ‘अछूत कन्या’ची चौकट, ‘जैत रे जैत’चा ढोल आणि ‘फँड्री’तली डुकरे पकडण्याची दृश्ये मुलांसमोर एकामागून एक ठेवावीत, प्रत्येक ठिकाणी चित्र थांबवावे आणि कॅमेरा कुणाच्या खांद्यामागे उभा आहे ते विचारावे. आणि कर्नाळ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या ठाकरांच्या मुलांना त्या वर्गात प्रवेश मिळेल, हातात कॅमेराही मिळेल, याची सोय आधी करावी.